एका पराभवात संपणारा हंगाम

एखाद्या विभागीय स्पर्धेला सोळा महाविद्यालयांचे फुटबॉल संघ आले आणि स्पर्धा बाद पद्धतीने झाली, तर एकूण सामने होतात १५. आठ संघ एकच सामना खेळून घरी जातात. चार संघांच्या वाट्याला दोन सामने येतात, दोघांच्या वाट्याला तीन आणि अंतिम फेरी गाठणाऱ्या दोघांना चार. म्हणजे महिना-दीड महिना पहाटे उठून सराव केलेल्या निम्म्या मुलांचा वर्षभराचा अधिकृत हंगाम दीड तासात आटोपतो. पदवीच्या तिन्ही वर्षांत ज्याचा संघ पहिल्याच फेरीत हरला, तो मुलगा तीन सामने खेळून महाविद्यालयातून बाहेर पडतो. समोरचा संघ आलाच नाही आणि ‘पुढे चाल’ मिळाली, तर तेवढेही नाहीत.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतल्या महाविद्यालयीन खेळाबद्दल बोलताना मैदानं, मॅट, प्रशिक्षक, निधी हे विषय नेहमी निघतात. आपली मुलं वर्षाकाठी सामने किती खेळतात, हा प्रश्न मात्र क्वचितच कुणी विचारतं. विभागातल्या विभागात, शेजारच्या महाविद्यालयांशी होणारे सामने वाढवावेत का? अमेरिकेतल्या महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये हा वाद गेली कित्येक वर्षं चालू आहे. रणजी करंडकात भारतीय क्रिकेटने तो आपल्या पद्धतीने सोडवून पाहिला. युरोपातल्या क्लब फुटबॉलने नुकताच वेगळा मार्ग धरला. खान्देशाला या सगळ्यातून काय घेता येईल, हे पाहण्यासाठी हा आढावा.

आधी आपली घडी कशी बसली ते पाहू. जळगावचं मूळजी जेठा महाविद्यालय आणि अमळनेरचं प्रताप महाविद्यालय ही दोन्ही १९४५ मधली. तेव्हा पुणे विद्यापीठ स्थापन झालं नव्हतं. खान्देशची महाविद्यालयं मुंबईशी जोडलेली होती. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ झालं आणि पुढची चार दशकं इथल्या खेळाडूची विद्यापीठ संघाकडे जाणारी वाट पुण्यातून गेली. चाळीसगावचा किंवा शहाद्याचा मुलगा पुण्याच्या मोठ्या महाविद्यालयांतल्या खेळाडूंशी स्पर्धा करून संघात शिरायचा, म्हणजे त्याला दुप्पट चांगलं असावं लागायचं. १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावात उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झालं. १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. २०१८ मध्ये विद्यापीठाला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचं नाव मिळालं. स्वतःचं विद्यापीठ म्हणजे स्वतःचा संघ, स्वतःची निवड समिती, विद्यापीठाकडून खेळलेले स्वतःचे ‘कलरहोल्डर’. खान्देशच्या खेळासाठी ही फार मोठी गोष्ट झाली आणि तिचं मोल कमी लेखू नये.

विद्यापीठाने खेळासाठी चार विभाग पाडले : जळगाव, एरंडोल, धुळे आणि नंदुरबार. विभागातल्या महाविद्यालयांची स्पर्धा होते, तिथून आंतरविभागीय स्पर्धा, तिथून विद्यापीठाचा संघ आणि सराव शिबीर. मग भारतीय विद्यापीठ संघाच्या पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला रवानगी. राज्यपातळीवर कुलपती कार्यालयाच्या पुढाकाराने होणारा ‘अश्वमेध’ क्रीडा महोत्सव आहे. अलीकडे, २०२० पासून, खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धांची वरची पायरीही तयार झाली आहे. पायऱ्या सगळ्या आहेत. अडचण पहिल्या पायरीवर आहे, कारण तिथे मुलगा उभा राहतो न राहतो तोच खाली उतरवला जातो.

बाद पद्धत का रुजली, हे समजायला कठीण नाही. यजमान महाविद्यालयाला एक-दोन दिवसांत स्पर्धा उरकायची असते. पाहुण्या संघांचं जेवणखाण, पंचांचं मानधन, मैदानाची आखणी, उद्घाटनाला येणारे पाहुणे, सगळं दोन दिवसांत बसवायचं असतं. संघ सकाळच्या एस.टी.ने येतो आणि हरला की दुपारच्या एस.टी.ने परततो. शारीरिक शिक्षण संचालकाला स्वतःच्या महाविद्यालयात दहा-बारा खेळांचे संघ पाठवायचे असतात. अनेक ठिकाणी तर हे पदच भरलेलं नाही आणि इतिहासाचे किंवा वाणिज्यचे प्राध्यापक संघ घेऊन येतात. शिवाय सत्र पद्धतीमुळे ऑक्टोबर-नोव्हेंबरात परीक्षा असतात. वरच्या आंतरविद्यापीठ स्पर्धांच्या तारखा ठरलेल्या असतात, तेव्हा त्याआधी निवड पूर्ण व्हावीच लागते. या सगळ्याला तोंड देत स्पर्धा वेळेत पार पाडणाऱ्या माणसांबद्दल मला आदर आहे. पण ज्या पद्धतीने स्पर्धा लवकर उरकते, त्याच पद्धतीने खेळाडू घडतो असं नाही.

आता अमेरिकेकडे. तिथला महाविद्यालयीन फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून, लांबट चेंडूने खेळला जाणारा त्यांचा खेळ. तिथली महाविद्यालयं ‘कॉन्फरन्स’ नावाच्या गटांत विभागलेली आहेत. आपल्या विभागांशी त्यांचं नातं सहज जुळतं. प्रत्येक संघ नेहमीच्या हंगामात १२ सामने खेळतो. त्यातले किती आपल्याच कॉन्फरन्समधल्या संघांशी आणि किती बाहेरच्यांशी, हा वादाचा मुद्दा. ‘बिग टेन’ २०१६ पासून नऊ सामने आत खेळते. दक्षिणेतली ‘साउथईस्टर्न कॉन्फरन्स’ १९९२ पासून आठवर अडून होती. २०२४ मध्ये टेक्सास आणि ओक्लाहोमा आल्यावर तिथे सोळा संघ झाले. सोळा संघ आणि आठच सामने, म्हणजे एका हंगामात एकाच कुटुंबातल्या जवळपास अर्ध्या संघांशी गाठच पडणार नाही. शेवटी २०२५ मध्ये ठरलं की २०२६ पासून नऊ सामने : तीन प्रतिस्पर्धी दरवर्षी ठरलेले, सहा फिरते, आणि त्यामुळे दोन वर्षांत प्रत्येकाची गाठ प्रत्येकाशी.

नवव्या सामन्याला विरोध करणाऱ्यांचं म्हणणंही ऐकण्यासारखं होतं. आतला सामना वाढला की सोळापैकी आठ संघांच्या नावावर आणखी एक पराभव हमखास लागतो, आणि बारा संघांच्या अंतिम स्पर्धेसाठी निवड होताना तो नडू शकतो. नऊ हा विषम आकडा असल्याने काहींना घरच्या मैदानावर पाच सामने मिळतात, काहींना चार. बाहेरच्या दुबळ्या संघाला बोलावून सहज मिळणारा विजय हातचा जातो. या सगळ्यामागे दूरचित्रवाणीचा अफाट पैसा आहे आणि तो पैसाच शेवटी निर्णय घेतो. आपल्याकडे तो पैसा नाही, म्हणून तिथले निष्कर्ष इथे जसेच्या तसे लागू होणार नाहीत. पण त्यांच्या वादातली एक गोष्ट माझ्या मनात ठसली. नऊ हवेत म्हणणारे आणि आठ पुरेत म्हणणारे, दोघेही प्रत्येक संघाला बारा सामने मिळणार हे धरूनच बोलतात. तळाच्या संघालाही बारा मिळतात. आपल्याकडे हा पायाच घातलेला नाही, आणि आपला वाद तिथून सुरू व्हायला हवा.

दुसरी एक गोष्ट अमेरिकेकडून घेऊ नये अशी. कॉन्फरन्सची मूळ कल्पना शेजाराची होती. आता ‘बिग टेन’मध्ये अठरा संघ आहेत आणि त्यात पूर्व किनाऱ्यावरचं रटगर्स व पश्चिम किनाऱ्यावरची लॉस एंजेलिसची दोन विद्यापीठं एकत्र आहेत. शेजाराशी खेळण्यासाठी मुलांना अख्खा खंड ओलांडावा लागतो. विभागीय सामन्यांचं सगळं सामर्थ्य जवळिकीत असतं. ती गेली की उरतो फक्त प्रवास.

आपल्या मातीतला सर्वांत बोलका दाखला रणजी करंडकाचा आहे. १९३४-३५ मध्ये ही स्पर्धा सुरू झाली ती विभागवार आणि बाद पद्धतीने. प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोनदा रणजी जिंकली, ती या काळात. जळगाव आणि धुळ्याचा क्रिकेटपटू ज्या संघाचं स्वप्न पाहतो, तो हाच संघ. १९५७-५८ पासून विभागांतर्गत साखळी सामने आले. पश्चिम विभागात मुंबई, महाराष्ट्र, बडोदा, गुजरात आणि सौराष्ट्र दरवर्षी एकमेकांशी खेळू लागले. प्रत्येक संघाला सामन्यांची हमी मिळाली. एका वाईट सकाळी हंगाम संपणं थांबलं. निवड समितीला एकाच खेळाडूला वेगवेगळ्या खेळपट्ट्यांवर, वेगवेगळ्या गोलंदाजांसमोर पाहता येऊ लागलं. शेजारच्यांशी दरवर्षी गाठ पडल्याने चुरस तयार झाली, आणि चुरशीने प्रेक्षक आणले.

पण त्याच पद्धतीची दुसरी बाजूही इथेच दिसते. विभागातून फक्त विजेता पुढे जात असे, आणि पश्चिम विभागात मुंबई होती. १९५८-५९ ते १९७२-७३ अशी सलग पंधरा वर्षं मुंबईने रणजी जिंकली. मुंबईच्या शेजारी राहण्याचा भुर्दंड महाराष्ट्राने वर्षानुवर्षं भरला : देशातल्या पहिल्या चार-पाच संघांत बसेल असा संघ विभागाबाहेरच पडायचा नाही. १९७०-७१ मध्ये नियम बदलला आणि विभागातला उपविजेताही पुढे जाऊ लागला. त्याच वर्षी अंतिम सामना झाला मुंबई आणि महाराष्ट्र यांच्यात. दार थोडं किलकिलं केल्याबरोबर पहिल्याच वर्षी महाराष्ट्र अंतिम फेरीत! मुंबई जिंकली खरी, पण एका नियमामुळे किती गुणवत्ता आत अडकून पडली होती, ते त्या सामन्याने दाखवून दिलं. पुढे १९९२-९३ पासून प्रत्येक विभागातून तीन संघ घेतले गेले आणि २००२-०३ मध्ये विभागवार रचनाच मोडून एलिट (बलाढ्य) आणि प्लेट (दुबळे) असे गट आले, कारण दरवर्षी त्याच चार संघांशी खेळून दुबळ्या विभागातल्या संघांची वाढ खुंटत होती.

रणजीच्या या प्रवासातून मला दोन गोष्टी स्पष्ट दिसतात. विभागांतर्गत साखळी ही वाढीची पहिली अट आहे. आणि ती साखळी बंदिस्त ठेवली, पुढे जाण्याचं दार एकाच संघापुरतं ठेवलं, तर तीच अडसर होते.

मुंबईची कांगा लीग याला आणखी बळ देते. डॉ. होरमसजी कांगा यांच्या नावाने १९४८ मध्ये सुरू झालेली ही साखळी स्पर्धा भर पावसाळ्यात, ओल्या खेळपट्ट्यांवर खेळली जाते. हवामान वाईट, मैदानं वाईट, तरी पिढ्यान्पिढ्या मुंबईचे फलंदाज तिथे घडले. कारण तिथे खेळाडूला पुढच्या आठवड्यात पुन्हा मैदानात उतरायचं असतं. शून्यावर बाद झालेल्याला सात दिवसांत ते धुऊन काढायची संधी मिळते. पराभवानंतरचा सामना हाच खरा शिक्षक, आणि बाद पद्धतीत हरणाऱ्याला तो कधीच भेटत नाही.

भारतीय फुटबॉलचा इतिहासही हेच सांगतो. ड्युरँड १८८८ मध्ये सुरू झाला, रोव्हर्स १८९१ मध्ये. नामांकित करंडक पुष्कळ, आणि बहुतेक बाद पद्धतीचे. कोलकात्याने १८९८ मध्येच साखळी सुरू केली आणि देशाच्या फुटबॉलचं केंद्र तिथे सरकलं. राष्ट्रीय पातळीवर साखळी यायला मात्र १९९६ उजाडलं. १९५१ आणि १९६२ च्या आशियाई खेळांत सुवर्णपदक मिळवणाऱ्या, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथ्या आलेल्या देशाने नियमित सामन्यांची व्यवस्था उभारायला एवढा उशीर केला. घसरणीला इतरही कारणं होती, पण हे त्यातलं लहान कारण नव्हतं. युरोपात तर आता उलटा प्रवाह आहे : चॅम्पियन्स लीगमध्ये २०२४-२५ पासून ३६ संघ आणि प्रत्येकाला पहिल्या टप्प्यात सहाऐवजी आठ सामने. जगातल्या सर्वांत श्रीमंत संघांनाही सामने कमी पडतात.

आता खान्देशातल्या मैदानांवर येऊ. सगळ्या खेळांना एकच पट्टी लावता येणार नाही. कुस्ती, मैदानी खेळ, जलतरण, भारोत्तोलन यांत हा प्रश्न वेगळा आहे. तिथे खेळाडू स्वतःपुरता उभा असतो आणि गट-साखळीचा विचार फारसा लागू होत नाही. कबड्डी आणि व्हॉलीबॉलचे सामने तासाभरात संपतात, म्हणून एका दिवसात एका संघाला दोन-तीन सामने देता येतात. मनात आणलं तर आजच्याच दोन दिवसांत गटवार साखळी बसते. खो-खोचंही तेच. हे तिन्ही खेळ खान्देशात गावोगाव रुजलेले आहेत, मुलांना बाहेरही सामने मिळतात : गणेशोत्सवात, नवरात्रात, यात्रांमध्ये, मंडळांच्या स्पर्धांत. महाविद्यालयाने दिला नाही तरी कबड्डीपटूला सामना मिळतो.

खरी उपासमार होते ती फुटबॉल, हॉकी, बास्केटबॉल, हँडबॉल या खेळांची. फुटबॉलमध्ये एका संघाने एका दिवसात दोन पूर्ण सामने खेळणं शरीराला झेपणारं नाही. तरीही दोन दिवसांत स्पर्धा संपवायची म्हणून सामन्यांची वेळ कापली जाते किंवा जिंकलेल्या संघाला सकाळ-संध्याकाळ मैदानात उतरवलं जातं. जिंकलेला संघ दमून हरतो आणि निवड समिती दमलेल्या पायांवरून खेळाडूची पारख करते. अशा खेळात एका सामन्याचा निकाल फार काही सांगतही नाही. एक पेनल्टी, बचावपटूचा पाय घसरून झालेला एक गोल, आणि उत्तम मध्यरक्षक असलेला संघ घरी जातो. त्या मध्यरक्षकाकडे परत कुणाची नजर जाईल याची खात्री कोण देणार?

सोळा संघांचं गणित पुन्हा मांडून पाहू, या वेळी चार-चारचे चार गट करून. प्रत्येक गटात सहा सामने, म्हणजे एकूण २४. गटविजेत्यांचे दोन उपांत्य सामने आणि अंतिम सामना धरून २७. बाद पद्धतीपेक्षा बारा सामने जास्त आणि प्रत्येक संघाला किमान तीन सामन्यांची हमी. चार मैदानं, तीन शनिवार, प्रत्येक मैदानावर दर शनिवारी दोन सामने : २४ सामने बसले. तीन शनिवार काढणं एखाद्या महाविद्यालयाला अवघड नाही. आठवड्याच्या अंतरामुळे पाय सावरतात, चुका सुधारायला वेळ मिळतो आणि सलग दोन दिवस वर्ग बुडवावे लागत नाहीत. यजमानपदाचा भारही चार ठिकाणी वाटला जातो.

गट पाडताना मात्र जिल्ह्याच्या रेषेपेक्षा रस्त्याकडे पाहावं, असं मला आग्रहाने सांगायचं आहे. जळगाव आणि भुसावळ यांच्यात पंचवीसेक किलोमीटर; भुसावळहून फैजपूर, यावल, वरणगाव हाकेच्या अंतरावर. हा गट आपोआप होतो. एरंडोल, धरणगाव, पारोळा, अमळनेर हा दुसरा. पण अमळनेर जळगावपेक्षा धुळ्याला जवळ आहे. चाळीसगाव जळगाव जिल्ह्यात असलं तरी धुळ्याशी रेल्वेने जोडलेलं आहे आणि अंतर पंचावन्न किलोमीटरच्या आसपास. चोपड्याच्या मुलांना शिरपूर परकं नाही. शिरपूर, दोंडाईचा, शहादा ही तापीच्या खोऱ्यातली गावं एकमेकांना जितकी जवळ आहेत तितकी कागदावरच्या विभागांत दिसत नाहीत. विभागाच्या सीमेवरच्या महाविद्यालयांना शेजारच्या विभागातल्या दोघा-तिघांशी मैत्रीपूर्ण का होईना, पण नोंद होणारे सामने खेळू दिले तर प्रवास वाचेल आणि प्रतिस्पर्धीही नवे मिळतील.

नंदुरबारचा विचार वेगळा करायला हवा. धडगाव, मोलगी, अक्कलकुवा इथल्या मुलांसाठी जळगाव दोनशेहून अधिक किलोमीटर दूर आहे, आणि सुरुवातीचा टप्पा सातपुड्याच्या घाटातला. आंतरविभागीय स्पर्धेतल्या एका सामन्यासाठी एवढा प्रवास करायचा, आदल्या रात्री कुठेतरी पथारी टाकायची, सकाळी हरायचं आणि परतायचं. त्या मुलांच्या दमात आणि चपळाईत काही कमी नाही. कमी आहेत ते सामने. नंदुरबार, तळोदा, शहादा, नवापूर या पट्ट्यात गटवार साखळी झाली तर त्या विभागाचा संघ आंतरविभागीय स्पर्धेत उतरताना एकमेकांना ओळखणारा असेल. आज तो अनेकदा स्पर्धेच्या दिवशीच एकत्र येतो.

मुलींच्या संघांबाबत तर बाद पद्धतीचं समर्थन मला करताच येत नाही. फुटबॉल, हॉकीसारख्या खेळांत एका विभागातून मुलींचे चार-पाच संघ आले तरी बरं, अशी स्थिती असते. चार संघांची बाद स्पर्धा म्हणजे तीन सामने आणि खेळ खलास. साखळी केली तर सहा. तीन सामन्यांच्या बचतीसाठी आपण दोन संघांतल्या मुलींना एका सामन्यानंतर परत पाठवतो. घरून परवानगी काढून, कधी वडिलांशी वाद घालून ती मुलगी मैदानावर आलेली असते. तिला जवळच्या गावी, संध्याकाळच्या आत घरी पोहोचता येईल असे तीन-चार सामने मिळाले, तर पुढच्या वर्षी ती आणखी दोघींना घेऊन येईल. संघांची संख्या अशीच वाढते.

हरकतीही खऱ्या आहेत आणि त्यांना उत्तर द्यायला हवं. पहिली मैदानाची. खान्देशची काळी माती पावसात चिकटते आणि उन्हाळ्यात भेगाळते. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा त्या काळात साखळीचा विचारही नको. जुलै-ऑगस्टमध्ये मैदान चिखलाचं. उरतो सप्टेंबरचा उत्तरार्ध ते फेब्रुवारी, त्यातही परीक्षा. म्हणून वेळापत्रक दोन तुकड्यांत करावं लागेल : निवडीसाठीची साखळी परीक्षेआधी, आणि डिसेंबर-जानेवारीत निवडीशी संबंध नसलेली, प्रथम वर्षाच्या मुलांना प्राधान्य देणारी दुसरी साखळी. दुसऱ्या साखळीला घाई नसते, म्हणून ती शिकवणारी असते. कांगा लीग पावसात चालते म्हणून आपणही चालवू, असं मी म्हणणार नाही. फुटबॉलमध्ये चिखलात गुडघे जातात.

दुसरी हरकत पैशांची. बारा जादा सामने म्हणजे बारा सामन्यांचे पंच, चुना, पाणी, प्रथमोपचार आणि संघांचं एस.टी. भाडं. पण दोन दिवसांच्या स्पर्धेत बाहेरगावच्या संघांचा मुक्काम, मंडप, उद्घाटन आणि बक्षीस समारंभ यांवरही पैसा जातोच. गटवार शनिवारी मुक्काम लागत नाही, मंडप लागत नाही. विद्यार्थी दरवर्षी क्रीडाशुल्क भरतात. त्या शुल्काचा पहिला हक्क सामन्यावर आहे, मानचिन्हांवर नाही. विद्यापीठ कायद्यानुसार २०१६ पासून क्रीडा व शारीरिक शिक्षण मंडळाची तरतूद आहे. दर वर्षी प्रत्येक संघाला किमान किती सामने मिळाले, हा आकडा त्या मंडळाने आपल्या अहवालात छापायला सुरुवात केली तरी बरंच काही बदलेल.

तिसरी अडचण न येणाऱ्या संघांची. बाद पद्धतीत एक संघ आला नाही तर दुसऱ्याला पुढे चाल मिळते आणि गाडी चालू राहते. साखळीत दुसऱ्या शनिवारी एखादा संघ गायब झाला तर गटाचा तक्ताच बिघडतो. पहिल्या दोन सामन्यांत हरलेला संघ तिसऱ्याला येईल का, ही शंका रास्त आहे. यावर नियम कडक हवा : न सांगता गैरहजर राहिलेल्या महाविद्यालयाचे त्या गटातले सगळे निकाल रद्द, आणि पुढच्या वर्षी यजमानपद नाही. शिवाय गटात तळाला राहिलेल्या संघातलाही खेळाडू विभागीय संघात निवडला जाऊ शकतो, हे प्रत्यक्ष निवडून दाखवलं तर तिसऱ्या सामन्याला मुलं स्वतःहून येतील.

चौथी हरकत सगळ्यांत वजनदार आहे आणि ती रणजीनेच शिकवली आहे. त्याच त्या शेजाऱ्यांशी खेळून मुलं मोठी कशी होणार? जळगावचा संघ भुसावळला चारदा हरवेल आणि पश्चिम विभागीय स्पर्धेत पुण्या-मुंबईसमोर पहिल्याच सामन्यात गारद होईल. हे खरं आहे. त्यासाठी साखळीनंतरचे सामने शेजाऱ्याशी न ठेवता बाहेरच्यांशी ठेवावेत. खान्देश कोपऱ्यात पडलाय असं आपण म्हणतो, पण खेळासाठी ही जागा उत्तम आहे. नवापूरपासून सुरत जवळ, शिरपूरहून इंदूरकडे थेट महामार्ग, चाळीसगावपासून छत्रपती संभाजीनगर आणि नाशिक दोन्ही आवाक्यात, मुक्ताईनगरच्या पुढे विदर्भ. चार वेगळ्या खेळसंस्कृती चारी बाजूंनी. विभागीय साखळीतल्या पहिल्या दोन संघांना हिवाळ्यात या शेजारी विद्यापीठांतल्या महाविद्यालयांशी दोन-तीन सामने मिळाले, तर विद्यापीठाचा संघ आंतरविद्यापीठ स्पर्धेत बिचकत उतरणार नाही.

इथे एक गोष्ट जोडावीशी वाटते. खासगी पुढाकारातून काय होऊ शकतं हे जळगावने पाहिलं आहे. भवरलालजी जैन यांच्या जैन इरिगेशनने क्रिकेट, बुद्धिबळ, कॅरम, बॅडमिंटन यांना दीर्घकाळ आधार दिला आणि खेळाडूंना नोकऱ्याही दिल्या. असा आधार मोजक्या गुणवंतांना वर नेतो. तळातल्या शेकडो मुलांना सामने मिळवून देणं हे मात्र विद्यापीठाचं आणि महाविद्यालयांचंच काम आहे. ते कुठल्याही उद्योगावर ढकलता येणार नाही.

विभागातले सामने वाढवल्याने निकाल जास्त न्याय्य होतील, पण धक्कादायक कमी होतील, हेही मान्य करायला हवं. बाद पद्धतीत छोट्या गावचं महाविद्यालय एखाद्या दिवशी मूळजी जेठाला किंवा प्रतापला हरवून इतिहास घडवतं. साखळीत बलाढ्य संघ एक सामना हरूनही वर येतो. ते नाट्य मला प्रिय आहे आणि ते जपण्यासाठी गटांनंतरचे सामने बाद पद्धतीनेच असावेत. पण त्या छोट्या महाविद्यालयाला वर्षात एकच दिवस मिळावा, यात मला न्याय दिसत नाही. आणि चार उपउपांत्य सामने वाढले तरी चालतील, पण गटातून दोन संघ पुढे गेले पाहिजेत, एक नव्हे. १९७०-७१ चा महाराष्ट्र संघ विसरून चालणार नाही.

माझं मत सरळ आहे. कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉलमध्ये आहे त्याच दिवसांत गटवार साखळी करावी. फुटबॉल, हॉकी, बास्केटबॉल, हँडबॉलमध्ये तीन शनिवारांची विभागीय साखळी, गटातून दोन संघ पुढे, आणि हिवाळ्यात शेजारी विद्यापीठांशी किमान दोन सामने. मुलींच्या सर्व सांघिक खेळांत बाद पद्धत पहिल्या फेरीपासून बंद. एकदम चारही विभागांत नको. पुढच्या हंगामात जळगाव आणि धुळे विभागांत एकाच खेळाने सुरुवात करावी, फुटबॉलने. जळगावात सागर पार्क, एकलव्य क्रीडा संकुल आणि जिल्हा क्रीडा संकुल आहे, धुळ्यात गरुड मैदान आणि जिल्हा क्रीडा संकुल. महाविद्यालयांची स्वतःची मैदानं आहेतच.

प्राचार्य आणि शारीरिक शिक्षण संचालकांना माझी विनंती आहे : यंदा विभागीय स्पर्धेची भाग्यपत्रिका काढायला बसाल, तेव्हा चिठ्ठ्या टाकण्याआधी आलेल्या संघांची संख्या मोजा आणि चार-चारचे गट पडतात का ते पाहा. बहुतेक वेळा पडतील. आणि खेळाडूंनी, त्यांच्या पालकांनी आपल्या महाविद्यालयात जाऊन एवढं जरूर विचारावं की आमच्या क्रीडाशुल्कातून आम्हाला यंदा किती सामने मिळणार आहेत.